ड्युओडेनल अल्सर आणि एच पायलोरी: टेस्ट, १४ दिवसांचा कोर्स आणि नंतरची खात्री, सगळं सविस्तर

मी फार्मसिस्ट आहे, आणि मेडिकलच्या काउंटरवर एक प्रकारचं गिऱ्हाईक हमखास भेटतं. पॅन्टोप्राझोलची (ॲसिड कमी करायच्या गोळीची) स्ट्रिप द्या, नेहमीची. विचारलं की कळतं, कधीतरी दुर्बिणीची तपासणी झाली होती, अल्सर निघाला होता, गोळी घेतली की बरं वाटतं आणि बंद केली की परत पोटात आग, असं वर्षानुवर्षं चाललंय. फाइल मागितली तर रिपोर्टमध्ये एच पायलोरी (अल्सर करणारा जंतू) पॉझिटिव्ह असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि त्याचा कोर्स एकतर कधी झालेलाच नसतो नाहीतर पाचव्या दिवशी सोडलेला असतो. फार वाईट वाटतं हो हे बघून, कारण हा अल्सर बहुतेकांचा कायमचा बरा होऊ शकतो, फक्त जंतू मारावा लागतो आणि तो मेला याची टेस्ट करावी लागते. ही दुसरी गोष्ट तर जवळपास कुणीच करत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

जंतू जठरात, मग जखम पुढे कशी?

जठर संपून लहान आतडं सुरू होतं तो पहिला भाग म्हणजे ड्युओडेनम, तिथली जखम म्हणजे ड्युओडेनल अल्सर. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू राहतो जठरात, आतल्या चिकट थराखाली. एवढ्या ॲसिडमध्ये तो टिकतो कारण त्याच्याकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं, त्याने तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो. जठराच्या खालच्या भागात त्याने सूज आणली की गॅस्ट्रिन हार्मोन वाढतं, त्यामुळे ॲसिड जास्त सुटतं, ते पुढे ड्युओडेनममध्ये ओतलं जातं, तिथलं अस्तर हळूहळू जठराच्या अस्तरासारखं बनायला लागतं आणि मग जंतूला तिथेही घर मिळतं. जखम होते ती अशी. तिखट खाल्लं म्हणून किंवा टेन्शन घेतलं म्हणून अल्सर झाला असं आपल्याकडे अजून सर्रास म्हणतात, त्रास त्याने वाढत असेल, पण मूळ कारणं दोनच मोठी, हा जंतू आणि पेनकिलर.

हे जगाला पटायलाही वेळ लागला. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हा जंतू लॅबमध्ये वाढवून दाखवला, लोक मानेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जंतूंचं द्रावण प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्याआधी अल्सरवाल्यांची ऑपरेशनं व्हायची, ॲसिडची नस कापायचे, आणि नुसत्या ॲसिड कमी करायच्या गोळ्यांवर ठेवलेल्या निम्म्याहून जास्त लोकांना गोळ्या थांबवल्यावर वर्षभरात अल्सर परत यायचा. जंतू गेला की हे प्रमाण एकदम खाली येतं.

आधी हे बघा, यात थांबायचं नाही

उपाशीपोटी दुखणं, रात्री एक-दोनला कळ येऊन जाग येणं, काहीतरी खाल्लं की बरं वाटणं, ही ड्युओडेनल अल्सरची नेहमीची तऱ्हा. पण संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडत असेल, चक्कर येऊन घाम फुटत असेल, पोट अचानक फळीसारखं कडक होऊन असह्य दुखायला लागलं, खाल्लेलं सगळंच उलटून पडत असेल, तर पुढचं काही वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. अल्सरमधून रक्त जाणं किंवा अल्सर फुटणं यात माणूस दगावतो. वजन आपोआप उतरत असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा हिमोग्लोबिन कमी निघालं असेल तर तेवढी पळापळ नको पण दुर्बिणीची तपासणी लवकर करून घ्या.

पहिली पायरी: जंतू आहे का, नीट टेस्ट

आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू सापडतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर अल्सर होत नाही. पण अल्सर आहे आणि जंतूही आहे, मग ट्रीटमेंट घ्यायचीच, त्यात दुमत नाही.

एंडोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची तपासणी करताना डॉक्टर जठरातून छोटे तुकडे घेतात. एक तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकतात, जंतू असेल तर युरिएजमुळे रंग गुलाबी-लाल होतो, बाकीचे मायक्रोस्कोपखाली बघायला जातात. एंडोस्कोपी करायची नसेल तर श्वासाची टेस्ट असते, युरियाची कॅप्सूल किंवा द्रावण देतात आणि थोड्या वेळाने फुंकर मारायला सांगतात. यात सी-१३ आणि सी-१४ असे दोन प्रकार, सी-१४ मध्ये अगदी किंचित रेडिएशन असतं म्हणून गरोदर बाईला ती करत नाहीत. तिसरी म्हणजे संडासच्या नमुन्यातली अँटिजेन टेस्ट (जंतूचे अंश शोधणारी), तीही चांगली आहे. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट मात्र शक्यतो टाळा, जंतू जाऊन बराच काळ झाला तरी ती पॉझिटिव्ह येत राहते, म्हणजे आत्ता जंतू आहे की पूर्वी होता हे तिच्यातून कळतच नाही.

आता सगळ्यात जास्त जिथे चुकतं ते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल या ॲसिड कमी करायच्या गोळ्या (आणि नवीन आलेलं व्होनोप्राझॅनही) चालू असताना टेस्ट केली तर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून टेस्टच्या आधी या गोळ्या २ आठवडे आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ (जंतूच्या कोर्समधलं एक औषध) ४ आठवडे बंद असायला लागतात. रक्तस्राव झालेल्या अल्सरमध्येही टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, तिथे नंतर परत करून बघतात. उलट गोळी चालू असतानाही पॉझिटिव्ह आली तर ती धरायला हरकत नाही. ज्यांच्या अल्सरमधून नुकतंच रक्त गेलंय त्यांनी मात्र टेस्टसाठी म्हणून आपल्या मनाने गोळी थांबवायची नाही, ते डॉक्टर ठरवतील.

दुसरी पायरी: डॉक्टरांसमोर बसल्यावर काय काय सांगायचं

पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, किडनीचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजणं, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, हे आलंच. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन सोबत न्या, विशेषतः कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिन, आणि गुडघ्या-कंबरेसाठी अधूनमधून घेतली जाणारी पेनकिलर, जी लोक "औषध" म्हणून धरतच नाहीत आणि त्यामुळे सांगतही नाहीत.

यापेक्षाही महत्त्वाचं, आणि हे कुणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: गेल्या काही वर्षांत कुठली अँटिबायोटिक घेतलीत. सर्दी-खोकल्याला ॲझिथ्रोमायसिन वारंवार झालं असेल तर त्याच घराण्यातलं क्लॅरिथ्रोमायसिन या जंतूवर बऱ्याचदा चालत नाही. आणि जुलाब झाले की ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची एकत्र गोळी, ती तर आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मागायला येतात, दोन गोळ्या घ्यायच्या आणि जुलाब थांबले की उरलेली स्ट्रिप कपाटात. या सवयीमुळे त्याच घराण्यांतल्या मेट्रोनिडॅझोल आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन या दोन्हींना भारतातला एच पायलोरी मोठ्या प्रमाणात दाद देईनासा झालाय. तुमच्या पोटातला जंतू कशाला सरावलाय याचा अंदाज डॉक्टरांना तुमच्या या यादीवरूनच येतो, कारण जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते बघायची सोय सगळीकडे नसते.

तिसरी पायरी: कोर्स कुठला

डोस डॉक्टरच ठरवणार, मी आकडे देतोय ते चिठ्ठी वाचता यावी म्हणून, स्वतः जाऊन विकत घ्यायला नाही.

सध्या पहिल्या पसंतीचा मानला जातो तो बिस्मथवाला चार औषधांचा कोर्स, १४ दिवस. त्यात ॲसिड कमी करायची गोळी दिवसातून २ वेळा, बिस्मथ (आपल्याकडे साधारण सबसायट्रेट १२० मिलिग्रॅम) ४ वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम ४ वेळा आणि मेट्रोनिडॅझोल ४०० ते ५०० मिलिग्रॅम ३ किंवा ४ वेळा. गोळ्या भरपूर होतात, मान्य. पण बिस्मथ आणि टेट्रासायक्लिनला हा जंतू सहसा सरावत नाही, आणि मेट्रोनिडॅझोलला थोडाफार सरावलेला असला तरी पूर्ण डोस आणि पूर्ण १४ दिवस दिले की बऱ्याचदा काम होतं.

दुसरा जुना कोर्स म्हणजे ॲसिडची गोळी, ॲमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, सगळं २ वेळा. हाच दुकानात तयार किटमध्ये मिळतो, सकाळ-संध्याकाळचा कप्पा पाडलेला, घ्यायला सोपा. अडचण अशी की किट बऱ्याचदा ७ दिवसांचं असतं आणि क्लॅरिथ्रोमायसिन आता पूर्वीसारखं भरवशाचं राहिलेलं नाही, त्यामुळे जंतूला ते लागू पडतंय हे माहीत असल्याशिवाय नव्या गाइडलाइन्स ते पहिलं म्हणून देऊ नका असंच सांगतात. चिठ्ठीवर ७ दिवस दिसले तर डॉक्टरांना सरळ विचारा, १४ दिवस करायचे का? विचारण्यात काही वावगं नाही.

व्होनोप्राझॅनबरोबर ॲमॉक्सिसिलिन दिवसातून ३ वेळा असाही १४ दिवसांचा कोर्स काही डॉक्टर देतात, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर.

औषध घेताना दोन गोष्टी काउंटरवरच तपासा. एक, टेट्रासायक्लिन प्रत्येक दुकानात मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून कुणी डॉक्सीसायक्लिन पुढे केलं तर घेऊ नका, एकाच घराण्यातलं असलं तरी या जंतूवर ते तेवढं चालत नाही. चार दुकानं फिरा, मागवून घ्या, पण १४ दिवसांचा पूर्ण साठा हातात आल्याशिवाय कोर्स सुरू करू नका, मध्येच खंड पडला तर जंतूला सरावायला मोकळीक मिळते. दोन, ॲसिडची गोळी साधी आहे का बघा. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल इतकी रुळलीय की लोक तीच साधी समजतात, आणि डोम्पेरिडोन व क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र घेतले तर हृदयाचे ठोके बिघडायचा धोका असतो. कोर्स क्लॅरिथ्रोमायसिनवाला असेल आणि घरी ती कॅप्सूल चालू असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. काही स्टॅटिन्सचंही क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर जमत नाही, स्नायूंना इजा होते, तेवढे दिवस ती थांबवायला सांगतात.

चौथी पायरी: ते १४ दिवस

तारीख बघून सुरू करा. नवरात्राचे उपवास, श्रावणी सोमवार, वारी, घरातलं लग्न यात कोर्स घुसवला की डोस चुकणारच. उपाशीपोटी अँटिबायोटिक घेऊन मळमळ झाली की लोक कोर्सच सोडून देतात, उपवास त्या दोन आठवड्यांपुरता बाजूला ठेवा.

बिस्मथवाल्या कोर्सचा दिवस साधारण असा बसवा. सकाळी उठल्यावर, नाश्त्याच्या अर्धा तास आधी ॲसिडची गोळी. नाश्त्यानंतर बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल. दुपारच्या जेवणानंतर परत तेच तीन. रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास ॲसिडची गोळी आणि जेवणानंतर परत ते तीन. चौथा डोस झोपताना, पण गोळी टाकून लगेच आडवं व्हायचं नाही, टेट्रासायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून ग्लासभर पाणी प्या आणि अर्धा तास बसून राहा. तुमच्या डॉक्टरांनी वेळा वेगळ्या दिल्या असतील तर त्याच पाळा. मोबाइलवर चार अलार्म लावा किंवा कॅलेंडरवर फुल्या मारा, काहीही करा पण डोक्यात ठेवू नका.

टेट्रासायक्लिनच्या आगेमागे दोन तास दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियम, लोहाची गोळी आणि पोटाचं गुलाबी-पांढरं सिरप (अँटासिड) नको, ते औषधाला बांधून टाकतात आणि औषध तसंच बाहेर जातं. म्हणजे जेवणावर वाटीभर ताक प्यायची सवय १४ दिवस मोडायची, आणि चहासुद्धा गोळीबरोबर नको, गोळी साध्या पाण्याने. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत. उन्हात कातडी पटकन भाजते, शेतात किंवा साइटवर काम असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी.

मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असला प्रकार होतो आणि माणूस घाबरून औषध दोषी ठरवून बंद करतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट याबद्दल मी कळकळीने सांगतो, सिगारेटने अल्सर भरायला वेळ लागतो आणि कोर्स फेल व्हायची शक्यताही वाढते, निदान या काळात तरी हात लावू नका.

एखादा डोस विसरला तर आठवल्याबरोबर घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडा, दोन एकदम घ्यायचे नाहीत, आणि उरलेल्या गोळ्या शेवटी संपवा.

काय काय होईल आणि कशाला घाबरायचं नाही

बिस्मथने संडास काळी होते, जीभही काळपट दिसते. हे औषधामुळे, कोर्स संपल्यावर जातं. फरक कसा ओळखायचा? बिस्मथची संडास काळी असली तरी नेहमीसारखी बांधलेली असते, रक्ताची डांबरासारखी लिबलिबीत, उग्र वासाची, आणि सोबत चक्कर, धाप, अशक्तपणा. शंका आली तर विचारून घ्या, अंदाज करत बसू नका. तोंडाला लोखंडासारखी कडवट चव मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन दोन्हींनी येते, लवंग-वेलदोडा तोंडात ठेवला की जरा निभावतं. पातळ जुलाब, मळमळ हे बऱ्याच जणांना होतं. प्रोबायोटिकने हा त्रास थोडा कमी होतो, जंतू मात्र त्याने मरत नाही.

अंगावर गांधी उठणं, ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं, संडासमधून रक्त, दिवसभर थांबत नाहीत असे जुलाब, हातापायाला मुंग्या, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. कोर्स बदलता येतो. पण नुसती चव बिघडली, भूक कमी झाली म्हणून सहाव्या दिवशी थांबवणं हे सगळ्यात महागात पडतं, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पोट शांत होतं ते ॲसिडच्या गोळीने, जंतू तेव्हा जिवंतच असतो.

खाण्याचं फार बोलत नाही. जे खाल्ल्याने तुम्हाला त्रास होतो ते टाळा, बाकी भाकरी, भाजी, वरण-भात, नेहमीचं जेवण. महिनाभर फक्त मऊ भात खायची गरज नाही. थंड दूध प्यायल्याने घटकाभर बरं वाटतं पण त्यानंतर पोट परत जास्त ॲसिड सोडतं, म्हणून त्यावर भिस्त नको. उपाशीपोटी चहा टाळलात तर बऱ्याच जणांना फरक पडतो.

पाचवी पायरी: जंतू गेला का, हे बघायचंच

हीच पायरी सुटते. बरं वाटतंय म्हणजे जंतू गेला असं धरून चालत नाही. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवडे थांबायचं आणि मग श्वासाची किंवा संडासची अँटिजेन टेस्ट, त्याआधी २ आठवडे ॲसिडच्या गोळ्या बंद. श्वासाच्या टेस्टला चार ते सहा तास उपाशी जावं लागतं, सकाळची अपॉइंटमेंट घ्या. कोर्स संपतानाच मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवा.

त्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना परत जळजळ होते. जास्त दिवस गोळी घेऊन बंद केली की पोट काही दिवस जोरात ॲसिड सोडतं, त्याचा अर्थ अल्सर परत आला असा लगेच काढू नका. अँटासिड सिरप घेऊन दिवस काढता येतात. अल्सर साधा, गुंतागुंत न झालेला असेल तर जंतूच्या कोर्सनंतर ॲसिडची गोळी फार लांबवावी लागत नाही, रक्त गेलं असेल किंवा अल्सर मोठा असेल तर डॉक्टर ती पुढे चालू ठेवतात. ड्युओडेनल अल्सर बरा झाला का बघायला सहसा परत एंडोस्कोपी करत नाहीत, जठरातल्या अल्सरला मात्र करतात, तिथे कॅन्सर नाही याची खात्री करायची असते.

टेस्ट परत पॉझिटिव्ह आली तर

खचू नका, एका कोर्समध्ये जंतू राहणं हे होतं. तोच कोर्स परत घ्यायचा नाही एवढं पक्कं. पहिल्यांदा क्लॅरिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन झालं असेल तर दुसऱ्यांदा ते नको. बिस्मथवाला झाला नसेल तर आता तो, बाकी पर्याय जुनी चिठ्ठी बघून ठरतात, म्हणून पहिली चिठ्ठी आणि रिकाम्या स्ट्रिपचे फोटो जपून ठेवा. दोनदा फेल झालं तर पोटविकार तज्ज्ञाकडेच जा, तिथे जंतूची औषध-चाचणी होते का विचारा. रिफाब्युटिन नावाचं औषधही यात वापरतात पण ते टीबीच्या औषधांच्या कुळातलं आहे, आपल्याकडे टीबी एवढा असताना ते फार विचार करूनच देतात.

घरचे, आणि पेनकिलर

हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरातूनच, तोंडावाटे किंवा अस्वच्छ हात-पाण्यावाटे. त्यामुळे कुणाचं ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही, हात धुणं आणि पाणी स्वच्छ ठेवणं पुरे. घरातल्या मोठ्या माणसांचीही टेस्ट करा असं काही नवीन गाइडलाइन्स सांगतात, आणि ज्यांना पोटाचा त्रास आहे किंवा घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालाय त्यांनी तर करावीच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच या जंतूला कॅन्सरच्या कारणांत धरलंय.

जंतू गेला तरी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी अल्सर परत होऊ शकतो. डोकं-अंग दुखलं तर आधी पॅरासिटामॉल. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्यासोबत पोटाची गोळी द्यायची का हे डॉक्टर बघतील. आणि निगेटिव्ह आलेला शेवटचा रिपोर्ट एंडोस्कोपीच्या फाइलमध्येच लावून ठेवा, पुढे कधी हाडांच्या डॉक्टरांकडे गुडघ्यासाठी गेलात तर गोळी लिहून घ्यायच्या आधी ती फाइल त्यांच्यासमोर ठेवा.